लाज अंगाची की लाचारीची?



पैशासाठी लोकांसमोर अंगावरची वस्त्रे उतरवून नाचणाऱ्या पुरुषांवर चित्रपट काढावा काय, आणि काढलाच तर तो आपण कुटुंबासह पाहावा काय, हा प्रश्न वरवर पाहता परदेशातला वाटतो. २०१२ साली अमेरिकेत ‘मॅजिक माइक’ हा अशा नर्तकांवरचा चित्रपट आला, तेव्हा तेथे दोन तट पडले. एक म्हणे, हा निव्वळ उघड्या देहांचा बाजार आहे. दुसरा म्हणे, ही मंदीच्या काळात पोट भरू पाहणाऱ्या माणसाची कहाणी आहे. परंतु वाचकहो, हा वाद आपल्या दारापाशी त्याच्या आधीच येऊन गेला होता. १ जानेवारी २०१० रोजी रवी जाधव यांचा ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादव यांच्या कादंबरीवर बेतलेल्या या चित्रपटास सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा नायक गुणा वस्त्रे उतरवीत नाही, हे खरे. पण पहिलवानी देह झिजवून, मिशी उतरवून, तो तमाशाचा ‘नाच्या’ होतो. चारचौघांत ज्याला पुरुषपण म्हणतात, ते तो फडावर उतरवून ठेवतो. म्हणून दोन्ही चित्रपटांचा प्रश्न एकच आहे.

या चित्रपटाविषयी आपल्या वस्त्यांतून तीन मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हा अश्लील प्रकार आहे, सभ्य घरात त्याचे नावही नको. दुसरे मत रसिकांचे : गुणाने कलेसाठी सर्वस्व वाहिले, तो कलेचा हुतात्मा आहे. तिसरे मत आपल्यापैकीच काही ज्येष्ठांचे : तमाशाच्या फडातून आपण मोठ्या कष्टाने बाहेर पडलो, आता तो चिखल पुन्हा पडद्यावर कशाला? ही तिन्ही मते अपुरी आहेत, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पहिल्या मताला आम्ही विचारतो : उघडा देह एवढीच जर अश्लीलतेची खूण असेल, तर आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या यात्रा-जत्रांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरलेला पोतराज कोण होता? कमरेला चिंध्यांचा घागरा, मोकळे वाढलेले केस, उघडी पाठ, आणि त्या पाठीवर स्वतःच्याच हाताने ओढलेला आसूड! तोही पुरुषच होता, तोही पैशासाठी चारचौघांत देह उघडा करीत होता, आणि सूपभर दाण्यांसाठी घागऱ्यात नाचत होता. त्याला कोणी अश्लील म्हटले नाही. त्याला देवीचा म्हटले. कारण त्याची जात ठरलेली होती आणि त्या जातीने तेच करावे, हेही ठरलेले होते. तेव्हा समाजाला देहाची लाज कधीच नव्हती. कोणता देह कोठे उघडा पडावा, हे ठरविण्याचा हक्क मात्र त्याला आपल्या हाती हवा होता. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास मांडला आहे. ‘अश्लील’ हा शिक्का जातीच्या हातून कसा मारला जातो, हे तेथे सविस्तर पाहावयास मिळते. स्त्रीवर मारलेला तोच शिक्का नाच्यावरही बसतो. फक्त त्यात ‘हा बायक्या’ अशी आणखी एक हेटाळणी मिसळते.

दुसऱ्या मताचे रसिक अधिक गोड बोलतात, म्हणून ते अधिक घातक. ‘नटरंग’ची सुरुवात नीट आठवा. गुणा शेतमजूर आहे. विहिरीवर पाणी उपसण्याचे यंत्र येते आणि मजुरांच्या हातचे काम जाते. त्यानंतर तो फड उभारतो. त्याला राजा व्हावयाचे असते; पण नाच्या असल्याखेरीज फड उभा राहत नाही, आणि ती भूमिका करावयास दुसरा कोणी तयार होत नाही, म्हणून तो नाच्या होतो. येथे आवड आहे, यात शंका नाही. पण आवडीच्या पाठीमागे रिकामे हात आहेत. पुढे त्याचे घर तुटते, गाव त्याची टर उडवितो, आणि सत्तेच्या स्पर्धेत गुरफटलेली माणसे त्याच्या देहाची विटंबना करतात. एवढे झाल्यावर अखेरीस त्याला जीवनगौरव मिळतो, आणि प्रेक्षक डोळे पुसून टाळ्या वाजवितो. आम्ही विचारतो, हा हिशोब जमला कसा? विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता. तरीही २००२ साली त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या अखेरच्या दिवसांत आर्थिक ओढाताणच होती. आज शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. शाल-श्रीफळ हे मजुरीची भरपाई करीत नाही. ज्यास ‘त्याग’ म्हणतात, तो नाकारण्याची मोकळीक होती काय, हे आधी विचारले पाहिजे.

या कसोटीवर परदेशी चित्रपटही घासून पाहा. १९९७ साली इंग्लंडमध्ये ‘द फुल मॉन्टी’ हा चित्रपट आला. शेफील्ड शहरातले पोलादाचे कारखाने बंद पडल्याने बेकार झालेले पुरुष एका रात्रीपुरते रंगमंचावर वस्त्रे उतरवितात. कारण तेच : यंत्र थांबले, हात रिकामे झाले. परंतु तो खेळ त्यांनी स्वतः ठरविलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाबाळांच्या कपाळी ‘नाचणाऱ्यांची जात’ असे कोणी लिहीत नाही. ‘मॅजिक माइक’चा नायक रात्री नाचतो, दिवसा बांधकामावर राबतो, आणि लाकडी सामानाचा स्वतःचा धंदा काढण्यासाठी पैसे साठवितो. बँक त्याला कर्ज नाकारते. अखेर तो रंगमंच सोडतो. त्याला सोडता येते! आपल्याकडच्या नाच्याला, पोतराजाला, मुरळीला सोडून जावयास दारच ठेवलेले नव्हते. देह उघडा पडणे आणि दार बंद असणे, या दोहोंतला फरक ज्याला कळला, त्याला या साऱ्या वादाचे मर्म कळले.

आता तिसऱ्या मताकडे वळू. ते आपल्या माणसांचे आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ या दिवशी आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. वतनाच्या प्रश्नावर त्यांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. जन्माने लादलेली, मोबदल्याचा ठिकाणा नसलेली आणि नाकारता न येणारी चाकरी हा त्यांच्या हल्ल्याचा रोख होता. कष्टाची लाज बाळगा, असे त्यांनी कधी शिकविले नाही. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी परत केल्याची आठवण घरोघर सांगितली जाते. त्या आठवणीचा आमचा अर्थ असा की, नकार होता तो आपल्या आयाबहिणींच्या नाचावर भरलेल्या थैलीला. नाचणाऱ्या बाईला नव्हे. आणि भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी काय केले? तमाशाचेच रूप घेतले आणि त्यातून जागृतीचे काम केले. फडाला त्यांनी चिखल मानले नाही. फडावर उभा राहणारा माणूस कोणासाठी आणि कोणाच्या हुकमाने उभा आहे, एवढेच त्यांनी बदलले.

तेव्हा वाचकहो, ‘नटरंग’ अवश्य पाहा, आणि कळत्या मुलामुलींना बरोबर बसवून पाहा. पाहून झाल्यावर त्यांना तीन प्रश्न विचारा : गुणाची मजुरी का गेली? नाच्या होण्यावाचून त्याला दुसरी वाट होती काय? आणि त्याची विटंबना करणाऱ्यांना कोणती शिक्षा झाली? ही चर्चा आपल्या जिल्ह्यात केवळ पडद्यापुरती नाही. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आजही आहेत, आणि उसाच्या फडात आता तोडणीयंत्रे उतरू लागली आहेत. यंत्राने रिकामे केलेले हात उद्या कोठे वळतील, याचा विचार आजच केला पाहिजे.

येरमाळा-चोराखळीच्या बाजूला लोकनाट्याची कला केंद्रे उभी राहिली. अशा ठिकाणी मुली नाचल्या, की नोटा उडविणाऱ्यांत आपल्याही घरचे तरुण दिसतात, हे कटू सत्य येथे लिहिणे भाग आहे. सकाळी जयंतीच्या मिरवणुकीत समतेच्या घोषणा द्यावयाच्या आणि रात्री लाचारीवर पैसे फेकावयाचे, हे कोणत्या नीतीत बसते? तसेच, नाजूक चालीच्या मुलास ‘नाच्या’ म्हणून हिणविणे आजपासून आपल्या घरात बंद झाले पाहिजे. जातीच्या नावाने हाक मारली की काय जळते, हे आपणाइतके कोणास ठाऊक असणार?

आणि केवळ शब्दांवर थांबू नका. आपल्या गावात फडावर आयुष्य घालविलेला एखादा म्हातारा कलावंत असेल. ज्येष्ठ कलावंतांसाठी मासिक मानधनाची सरकारी योजना आहे. त्याचा अर्ज कोणीतरी लिहून दिला पाहिजे, कागदपत्रे जमवून दिली पाहिजेत. आपल्या वस्तीतील शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे. फडावरच्या कलावंतांच्या मुलांची शाळा सुटली असेल, तर ती पुन्हा सुरू करून द्यावी. ज्याला नाचावयाचे आहे, त्याने मानाने आणि ठरलेल्या मजुरीने नाचावे. ज्याला सोडावयाचे आहे, त्याला सोडता यावे. एवढे झाले, म्हणजे चित्रपट श्लील की अश्लील, हा वाद रसिकांनी खुशाल घालीत बसावे.