जानव्याला परवानगी, परय्यराला विनवणी

आपल्यातली काही पोरं म्हणतात, पोप म्हणजे कॅथलिकांचा शंकराचार्य. काही नेमकं उलटं सांगतात, की चर्चमध्ये जात नाही, पोपनं ती कधीच मोडून टाकली. दोन्ही न वाचता बोललेलं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहणारा माणूस, शाळा नववीपर्यंत. रात्रपाळी सुटल्यावर मिळेल ते वाचतो. कुणी ‘प्रमाण’ म्हटलं की माझे कान उभे राहतात. वेद प्रमाण, स्मृती प्रमाण, या एका शब्दानं आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर बसवलं. म्हणून पोपचं प्रमाण काय ते बघू.

पोप कधीच चुकत नाही असं चर्च म्हणत नाही. चर्च म्हणतं, सगळ्या ख्रिस्तसभेचा गुरू म्हणून, पीठावरून, श्रद्धा किंवा नीती यांबद्दल सगळ्यांनी मानलीच पाहिजे अशी शिकवण तो ठरवून देतो, तेव्हा ती प्रमादातीत. हे ठरलं १८ जुलै १८७० ला, व्हॅटिकनच्या परिषदेत. ५३३ बाजूनं, २ विरोधात. विरोधातले बरेच बिशप आधीच रोम सोडून गेले होते. दोन महिन्यांनी, २० सप्टेंबरला, इटलीचं सैन्य रोममध्ये घुसलं आणि पोपचं राज्य गेलं. जमीन हातातून चालली होती तेव्हा नवव्या पायसनं आभाळाचा सातबारा नावावर करून घेतला.

परिषदेत विरोधकांनी होनोरियस पोपचं नाव काढलं होतं. हा सातव्या शतकातला. तो मेल्यावर ६८१ सालच्या परिषदेनं त्याला पाखंडी ठरवलं. पोपच पाखंडी, मग न चुकणं कुठं राहिलं? उत्तर मिळालं, तो पीठावरून बोलला नव्हता, नुसती पत्रं लिहिली होती. हे उत्तर ध्यानात ठेवा.

आता आपल्या बाजूला येऊ. रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट १६०६ साली मदुराईत आला. भगवी कफनी, शाकाहार, अंगावर जानवं. ब्राह्मण बाटवायचे तर ब्राह्मणासारखं राहायचं, हा त्याचा हिशोब. गोव्याच्या आर्चबिशपनं विरोध केला, भांडण रोमला गेलं. ३१ जानेवारी १६२३ ला पोप पंधराव्या ग्रेगरीनं निकाल दिला. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तरी जानवं ठेवू दे, शेंडी ठेवू दे, गंध लावू दे. फक्त अंधश्रद्धा नको. त्याच फर्मानात पुढं उच्चवर्णीयांना कळकळीची विनंती, की बाबांनो, खालच्यांना तुच्छ मानू नका, देवळात त्यांच्यापासून वेगळे बसून प्रवचन ऐकू नका, संस्कार घेऊ नका.

नीट वाचा. जानव्याला परवानगी मिळाली, परय्यराच्या वाट्याला विनवणी आली. परय्यर म्हणजे तमिळ मुलखातला आपलाच गावकुसाबाहेरचा भाऊ. परवानगी लगेच लागू झाली, विनवणी कागदावर राहिली.

मग १७०३ साली रोमचा दूत तूर्नों पाँडिचेरीला आला. १७०४ साली त्यानं हुकूम काढला, की आजारी परय्यराच्या घरी जाऊन पाद्र्यानं संस्कार द्यायचे. एवढं सांगायला हुकूम लागावा! म्हणजे त्याआधी झोपडीत मरणाऱ्या माणसाच्या दारात पाय ठेवायला येशूचे सेवक कचरत होते. त्यावर चाळीस वर्षं वाद. १७४४ साली पोप चौदाव्या बेनेडिक्टनं हुकूम कायम ठेवला, पण परय्यरांसाठी वेगळे पाद्री नेमायची जेझुइटांची योजनाही मान्य केली. वेगळा पाणवठा ऐकलाय, आता वेगळा पाद्रीही ऐका.

फादर म्हणतील, अहो, ही शिस्तीची फर्मानं, ती कुठं प्रमादातीत आहेत? बरोबर! माझं म्हणणंच ते आहे. जे प्रमादातीत आहे ते आभाळात असतं. १ नोव्हेंबर १९५० ला बारावा पायस पीठावरून बोलला. मरियामाता सदेह स्वर्गात गेली, हे त्यानं कायमचं ठरवलं. मानणाऱ्यांनी मानावं, माझी तक्रार नाही. पण माणसाचं जगणं ज्यावर चालतं ती फर्मानं नेहमी ‘चुकू शकणाऱ्या’ खात्यात. वापरायची वेळ आली की पोपचा शब्द, अंगाशी आलं की नुसतं पत्र.

त्याच १९५० च्या ऑगस्टात दिल्लीनं आदेश काढून दलित ख्रिश्चनाला अनुसूचित जातीतून बाहेर ठेवलं. पोपचा त्यात हात नव्हता. पण बाईचा देह स्वर्गात गेला हे ठरवणाऱ्या पीठाला, मातीत राबणाऱ्या देहाचं काय, हे त्या वर्षी सुचलं नाही. केंद्राच्या सवलतींसाठी आपण बौद्ध १९९० पर्यंत बाहेर होतो, हे दुखणं आपल्याला शिकवायला नको. ते अजून बाहेरच आहेत.

गुलामांचंही तेच. १४५२ साली पोप पाचव्या निकोलसनं पोर्तुगालच्या राजाला मुसलमान, मूर्तिपूजकांना कायमचं गुलाम करायची मुभा दिली. ३० मार्च २०२३ ला व्हॅटिकननं सांगितलं, ती फर्मानं कॅथलिक श्रद्धेचा भाग कधी मानलीच नव्हती. ५७१ वर्षांनी!

दुसरी बाजूही सांगतो. २००३ साली दुसऱ्या जॉन पॉलनं तमिळ बिशपांसमोर जातीभेदाला नावं ठेवली. २०१६ साली भारतातल्या बिशपांनी स्वतःच्या धोरणात कबूल केलं, की चर्चमध्ये अस्पृश्यता आहे. २०२२ साली अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. १६२३ पासून मोजा, ३९९ वर्षं. त्रिचीत दलित ख्रिश्चनांची मढी वेगळी पुरायला कॅथलिक दफनभूमीत भिंत घातली गेली, ती भाषणानं पडत नसते.

आणि हसू नका. आपल्यातही गटागटाचे पोप आहेत. साहेब बोलले की पीठावरून, आणि फसलं की कार्यकर्त्यानं चुकीचं ऐकलं! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं. जयंतीला हार घालणाऱ्यांनी ते भाषण वाचावं.

तुमच्या वस्तीत फादर आले तर भांडू नका, शाळा-दवाखाने त्यांनी काढलेत. आदरानं एकच विचारा. फादर, तुमचं पीठ श्रद्धा आणि नीतीबद्दल बोलतं. अस्पृश्यता ही नीतीची बाब आहे की नाही? आहे म्हणाले, तर पीठावरून आजवर एक ओळ का नाही ते विचारा. नाही म्हणाले, तर चहा न घेता उठा.