वेलीचे आयुष्य आणि कराराची मुदत

वाइनचा विषय निघाला की बोलणे टाक्या, लाकडी पिंपे आणि बाटल्या यांच्याविषयी होते. बागेविषयी क्वचितच होते. वस्तुतः वाइनच्या प्रतीचा मोठा भाग द्राक्ष वेलीवर असतानाच ठरून गेलेला असतो. मोठा कारखाना अनेक बागांचा रस एकत्र करून एखाद्या बागेची उणीव झाकू शकतो. लहान वायनरीस ती सोय नसते. तिच्या टाक्या थोड्या, माल थोडा आणि प्रत्येक टाकीत एखाद-दुसऱ्या बागेचाच रस. यास्तव लहान वायनरीचे खरे भांडवल म्हणजे तिच्यामागे उभी असलेली बाग होय. ती बाग लावणाऱ्या शेतकऱ्याचे हित कराराने कितपत राखले जाते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

निफाड तालुक्यातील कुंदेवाडीची ‘रेव्हेलो’ ही वायनरी स्वतःच्या बागेतील द्राक्षांची वाइन करते. मूळच्या सिसिली बेटावरील नेरो दाव्होला व ग्रिल्लो या जातीही तिने आपल्या बागेत लावल्या आहेत. बाग व वायनरी एकाच घरची असली म्हणजे छाटणीपासून बाटलीपर्यंतचा विचार एका मताने होतो. परंतु अनेक वायनऱ्या शेतकऱ्यांकडून द्राक्षे घेतात. तेथे हे एकमत कराराने निर्माण करावे लागते.

खाण्याच्या द्राक्षांचा बागाईतदार मोठा मणी व भरदार घड यांसाठी झटतो. त्यासाठी तो जिब्रेलिक आम्ल वापरतो आणि घडांची विरळणी करतो. वाइनच्या द्राक्षांत दृष्टी उलटी ठेवावी लागते. कॅबर्ने सॉव्हिन्याँ व शिराझ या काळ्या जातींचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानाने साल अधिक असते, आणि म्हणूनच लहान मणी येथे दोष नसून गुण ठरतो. वेलीवर माल अतोनात ठेवला तर साखर भरत नाही व स्वादही पातळ होतो. लिटरभर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून आंबवण्याच्या क्रियेत एक टक्का मद्यार्क तयार होतो. १३ टक्क्यांच्या वाइनसाठी रसाचा ब्रिक्स २२ ते २४ च्या घरात असावा लागतो, तो याच कारणाने.

अर्थात वायनरीस उत्तम माल हवा असेल तर शेतकऱ्याने वजनाचा लोभ सोडावा लागतो. मग वजन सोडणाऱ्यास भाव वजनावर देणे न्याय्य कसे ठरेल? तोडणीच्या वेळी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. गोडी आणखी वाढावी म्हणून वायनरी आठवडाभर थांबावयास सांगते. तेवढ्यात मणी सुकून वजन घटते. अवकाळी पाऊस वा गारपीट झाली तर माल हातचा जातो. थांबण्याचा लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. खाण्याच्या द्राक्षांस एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा व्यापारी असतो. बेदाणाही करता येतो. बियांच्या, जाड सालीच्या लहान मण्यांना वायनरीवाचून गिऱ्हाईक नाही. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यावर नाशिक व सांगली भागांत वाइनच्या जातींची लागवड वाढली. पुढे २००८ मध्ये जागतिक मंदी आली आणि त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. पर्यटन व हॉटेलांचा व्यवसाय खाली बसला, वाइनचे साठे पडून राहिले आणि नंतरच्या हंगामांत द्राक्षे उचलण्यास वायनऱ्या पुढे येईनात. पुष्कळ शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटल्या. त्या बागांचा दोष नव्हता; त्यांच्यामागे भक्कम करार नव्हता.

वेलीचे पहिले भरवशाचे पीक हाती येण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि पुढे ती दहा-बारा वर्षे वा अधिक काळ फळते. एवढ्या मुदतीच्या गुंतवणुकीस एका हंगामाची चिठ्ठी पुरत नाही. आमच्या मते करारात चार गोष्टी असाव्यात. पहिली, मुदत किमान सात-आठ पिकांची असावी. दुसरी, भावास तळाची मर्यादा असावी आणि त्यावरचा भाव ब्रिक्स, आम्लता व मण्यांचे आरोग्य पाहून द्यावा. नमुना बागेतच, उभयतांच्या समक्ष घ्यावा. तिसरी, तोडणीची तारीख वायनरीने लांबवली तर वजनातील घट तिने सोसावी. चौथी, पैसे देण्याची तारीख लिहिलेली असावी.

लहान वायनरीचा चालक म्हणेल की, उद्याच्या बाजाराची शाश्वती नसता मी इतक्या वर्षांचे वचन कसे देऊ? शंका रास्त आहे. त्याने सर्व मालाचे नव्हे, तर ठरावीक टनांचे वचन द्यावे. एका टनापासून सुमारे ६०० ते ७०० लिटर वाइन होते. आपल्या टाक्यांचे माप त्यास ठाऊक असते. जेवढे वचन, तेवढीच लागवड, हा नियम उभयतांस तारक आहे.

मद्यपानाविषयी ज्यांचा विरोध आहे, त्यांच्या मताचा आदरच केला पाहिजे आणि अशा शेतकऱ्यास या लागवडीचा आग्रह कोणी करू नये. परंतु ज्यांनी ती पत्करली आहे, त्यांचे नुकसान टाळणे हे कृषि विस्ताराचे कर्तव्यच होय.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देताना क्रम बदलावा. जात, खुंट व तारांचा मांडव यांची चर्चा मागाहून करावी. प्रथम करार वाचावा. शेतकऱ्यांनी एकेकट्याने न जाता आठ-दहा बागाईतदार मिळून बोलणी करावी आणि स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर बाळगावा. कागदावर सही होईपर्यंत खुंटाचे एकही रोप जमिनीत लावू नये.