रिकाम्या चौकटींचं शहर



'मी पाहिलेले ऐतिहासिक शहर' हा निबंध आपण मुलांना दरवर्षी देतो. वह्या तपासायला घेतल्या की बहुतेक निबंध सारखेच. सकाळी लवकर उठलो, गाडीत गाणी म्हटली, वास्तू पाहिली, फोटो काढले, घरी आलो. यात चूक मुलांची नाही. शहर कसं पाहायचं हे आपणच त्यांना शिकवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून यंदा मी चौथीच्या मुलांना नकाशावरून रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला नेलं. मी स्वतः तिथे गेलेली नाही, हे आधीच सांगते. झार पीटर द ग्रेट याने १७०३ मध्ये नेवा नदीच्या मुखाशी, दलदलीच्या जागेत हे शहर वसवलं. तिथले कालवे, पूल, राजवाडे, जून महिन्यात रात्रीही न मावळणारा उजेड, सगळं मुलांना आवडलं. तिथल्या हर्मिटाज संग्रहालयात तीस लाखांहून जास्त वस्तू आहेत म्हटल्यावर तर डोळे मोठे झाले. पण एवढी माहिती सहलीच्या जाहिरातीतही असते.

मग मी फळ्यावर खडूने एक रिकामी चौकट काढली आणि पुढचं सांगितलं.

तेव्हा शहराचं नाव लेनिनग्राड होतं. जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केला. संग्रहालयातल्या लोकांनी रात्रंदिवस खपून अकरा लाखांहून अधिक वस्तू दोन आगगाड्यांतून दूर उरल पर्वताकडे पाठवल्या. चित्रं गेली, चौकटी मात्र भिंतीवरच ठेवल्या. चित्रं परत येतील तेव्हा जागा तयार हवी ना! सप्टेंबरात वेढा पडला, तो ८७२ दिवस टिकला. पहिल्या हिवाळ्यात मुलांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळायचा. लाखो माणसं भुकेने आणि थंडीने गेली. त्याच काळात पावेल गुब्चेव्स्की नावाच्या मार्गदर्शकाने मदतीला आलेल्या सैनिकांना संग्रहालय दाखवलं. रिकाम्या चौकटींसमोर उभं राहून, कुठे कोणतं चित्र होतं ते त्याने आठवणीतून सांगितलं. १९४५ मध्ये चित्रं परत आली.

वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, माणसं उपाशी मरत होती, तर चित्रं कशाला वाचवली?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. थोडं थांबून मी म्हटलं, "त्याच संग्रहालयाच्या तळघरात शेकडो माणसांना आसरा दिला होता. चित्रं सांभाळणारेही उपाशीच होते. मग त्यांनी असं का केलं असेल, ते तुम्हीच सांगा." तास संपला तरी चर्चा संपली नाही. माझ्या मते त्या दिवशी मुलांनी ते शहर खऱ्या अर्थाने पाहिलं.

काही पालक विचारतील, "हे परीक्षेत येणार आहे का?" नाही येणार. पण वारसा म्हणजे नुसत्या जुन्या भिंती नव्हेत, कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन त्या राखलेल्या असतात, हे ज्या मुलाला कळलं ते कुठल्याही भिंतीवर आपलं नाव कोरणार नाही. हे मला गुणांपेक्षा मोठं वाटतं.

तेव्हा पुढच्या सहलीआधी एवढंच करून पाहा. मुलांना तीन प्रश्न द्या: हे कुणी बांधलं? याचं नुकसान कधी, कशाने झालं? आणि हे कुणी जपलं? परत आल्यावर फोटो मागू नका. कोऱ्या कागदावर एक चौकट काढून द्या आणि म्हणा, "यात काय होतं ते आठवून सांग."

त्या वेळी मोबाईल मात्र बाजूला ठेवा. मुलांचाही आणि आपलाही!