आधी वाटीभर डाळ स्वतः खा!

गेल्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. संध्याकाळचे सात वाजले असतील. दवाखान्यात नेहमीची गर्दी होती. तेवढ्यात जवळच्याच सोसायटीतल्या चार बायका एका बाईंना रिक्षातून घेऊन आल्या. सगळ्याजणी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, केसांत गजरे, कपाळावर ताजे हळदीकुंकू. मधल्या बाई मात्र घामाने थबथबलेल्या आणि पांढऱ्याफटक पडलेल्या. त्यांच्याच घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. पन्ह्याचे पेले भरता भरता त्या चक्कर येऊन पडल्या होत्या.

त्यांना आडवे केले, पाय उंचावर ठेवले, जलसंजीवनी घोट घोट पाजली. रक्तदाब कमी होता. थोडी तरतरी आल्यावर मी विचारले, "ताई, सकाळपासून काय खाल्लंत?"

"चहा झाला ना डॉक्टर, दोनदा."

"आणि कैरीची डाळ?"

"अहो, आधी आलेल्या बायकांना नको का द्यायला? संपली असती तर?"

दुसऱ्या दिवशी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ भरले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ हवे. रोज सकाळची लोकल पकडून नोकरीला जाणारी ही बाई कित्येक महिने निम्म्याहून थोड्याच अधिक रक्तावर संसार ओढत होती आणि "हल्ली जरा दम लागतो" एवढेच म्हणत होती.

(पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडे बदल केले आहेत. पण वाचकहो, ही बाई एकटी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे हळदीकुंकवाला वीसजणी जमल्या तर त्यांतल्या दहा-अकराजणींना रक्त कमी असण्याची शक्यता धरायला हरकत नाही.)

आता गंमत पाहा. या बाईंनी ज्या साठजणींना कैरीची डाळ आणि भिजवलेले हरभरे वाटले, तो पदार्थ रक्तक्षयाच्या दृष्टीने मोठा शहाणपणाचा आहे. हरभऱ्याच्या डाळीत लोह असते. पण धान्य-कडधान्यांतले लोह आतड्यातून सहजासहजी रक्तात शिरत नाही. त्याला 'क' जीवनसत्त्वाची सोबत लागते, आणि कच्ची कैरी त्या जीवनसत्त्वाने भरलेली असते. डाळ भिजवल्याने लोह अडवून धरणारी द्रव्येही काही प्रमाणात कमी होतात. भिजवलेल्या हरभऱ्यांवर लिंबू पिळले तरी हाच फायदा मिळतो. हे शास्त्र ठाऊक नसतानाही आपल्या आज्या-पणज्यांनी ऐन उन्हाळ्यात नेमका हाच जोड जमवला. आणि तो जोड सगळ्यांना वाटणारी बाई स्वतः मात्र दोन कप चहावर उभी! चहा तर लोहाच्या वाटेतला अडथळाच. जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी तो टाळावा.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाटीभर कैरीच्या डाळीतून मिळून मिळून दोन मिलीग्रॅमच्या आसपास लोह मिळेल. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी ठरवलेली गरज दिवसाला २९ मिलीग्रॅम आहे. तेव्हा ७.४ हिमोग्लोबिन डाळीने भरून निघत नाही. त्याला लोहाच्या गोळ्याच घ्याव्या लागतात, आणि रक्त कुठे जाते हेही शोधावे लागते. मासिक पाळीत अति रक्तस्राव, मूळव्याध, पोटातले जंत, यांपैकी काही आहे का, ते पाहावे लागते. गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. शौचास काळी होते म्हणून घाबरून त्या मध्येच सोडू नयेत.

मग मी आज चैत्रगौरीवर का लिहितो आहे? कारण आपला हा उन्हाळी सण मुळात घरातल्या हातांचा सण आहे, आणि हल्ली त्यातले हात कमी होत होत एकाच बाईचे दोन हात उरले आहेत.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय तृतीयेपर्यंत. पूर्वी ठाण्याच्या चाळींत आणि डोंबिवली-कल्याणच्या वाड्यांत या महिन्यात घरोघरी आरास मांडली जाई. डब्यांवर फळ्या टाकून पायऱ्या करायच्या, त्यावर जुनी जरीची साडी, कलिंगडाची कापून केलेली कमळे, काकडी-गाजराची फुले, मण्यांची तोरणे आणि दारात चैत्रांगणाची रांगोळी. वाटीत अळीव पेरून चार दिवसांत उगवलेली हिरवळ गौरीपुढे ठेवायची. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले पेरतात तीच ही. आई डाळ वाटायची, आजी मणी ओवायची, मुले रांगोळीत रंग भरायची, वडील पायऱ्या ठोकायचे. काम वाटले गेल्याने त्याचा भार कुणा एकीवर पडत नसे.

आता पायऱ्या भाड्याने येतात, तोरण प्लास्टिकचे येते. थर्माकोलच्या मखरांवर राज्य सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली, तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी चकचकीत विकत आणले गेले. विकत आणण्याला माझा विरोध नाही. नोकरी करणाऱ्या बाईला वेळ कुठून मिळणार? पण विकत आणून तिचे काम कमी झाले का? नाही. फक्त बोलावणी वाढली. पंधराजणींच्या जागी साठजणी आल्या आणि साठजणींची डाळ वाटायला घरातले दुसरे कुणीच नाही. तेही एप्रिलच्या उकाड्यात, ओट्यापाशी, पंखा बंद ठेवून. एप्रिलचे ऊन थट्टेवारी नेण्यासारखे नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हाचा त्रास होऊन १४ माणसे दगावली, हे आपण विसरता कामा नये.

माझ्या एका पेशंटची मुलगी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असते. तिकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. ती सांगत होती की, तिच्या शेजारणीच्या परसात त्या दिवसांत टोमॅटो आणि काकड्या लागतात, त्या सगळ्यांना वाटल्या जातात. मुले कागदाच्या साखळ्या आणि चांदण्या घरीच करतात. आणि आमंत्रण देताना तिकडे सरळ सांगतात, येताना एक ताटली घेऊन या. म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा. यजमानीण एकटी राबत नाही. मला वाटते, हा रिवाज आपण बिनदिक्कत उचलावा. एकीने डाळ करावी, दुसरीने पन्हे, तिसरीने हरभरे भिजवावेत. गौर काही रागावणार नाही.

दुसरी सूचना बाल्कनीची. चार कुंड्यांची जागा बहुतेकांकडे असते. गुढीपाडव्याला लाल माठ पेरला तर महिनाभरात, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास, खुडायला येतो. मेथी-पालकाला थंडी मानवते, माठाला मात्र आपला उन्हाळा चालतो. शेजारच्या कुंडीत पुदिना आणि मिरचीचे एखादे रोप लावावे. यातून महिन्याला दोन वेळची भाजी निघेल, फार नाही. त्यावर घर चालणार नाही आणि हिमोग्लोबिनही झटकन वाढणार नाही. मग फायदा काय? फायदा हा की, त्या भाजीला कोणते पाणी घातले ते तुम्हाला ठाऊक असते.

मध्य रेल्वेच्या रुळांच्या कडेने नाल्याच्या पाण्यावर वाढलेली हिरवीगार पालेभाजी आपण सर्वांनी वर्षानुवर्षे लोकलच्या खिडकीतून पाहिली आहे. रेल्वेच्या पडीक जमिनी कर्मचाऱ्यांना भाजी पिकवायला देण्याची कल्पना मूळची चांगलीच होती. पण सांडपाण्यातून भाजीवर जंतू आणि जंतांची अंडी येतात. ती भरपूर पाण्यात धुऊन आणि शिजवून जातात. सांडपाण्यात कारखान्यांचे शिसे किंवा कॅडमियम असेल तर ते भाजीच्या आत शिरते, आणि ते धुऊन जात नाही. म्हणून शक्य असेल तेव्हा मुरबाड-शहापूरकडच्या बायका सकाळी टोपल्या घेऊन येतात, त्यांच्याकडून भाजी घ्यावी. ती कुठली आणि कोणत्या पाण्यावरची, हे त्यांना सरळ विचारावे. आणि चारदोन जुड्या घरी पिकवाव्यात. ज्या मुलाने स्वतः पाणी घालून माठ वाढवला, तो मुलगा ताटात माठ आला की नाक मुरडत नाही, हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे.

मात्र कुंड्यांबाबत तीन पथ्ये पाळा. माती रस्त्याकडेची किंवा कारखान्यांच्या बाजूची आणू नका. रंगाचे, रसायनांचे रिकामे डबे भाजीसाठी वापरू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे, कुंडीखालची बशी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. भाजी पिकवता पिकवता डास पिकवायला नकोत. गौरीपुढच्या अळिवाच्या वाटीतही पाणी साठू देऊ नये, नुसता ओलावा पुरतो.

हळदीकुंकवाच्या ताटाचेही थोडे पथ्य आहे. कैरीची डाळ शिजवलेली नसते, म्हणून ती उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवावी. उन्हाळ्यात ती पटकन आंबते, तेव्हा दुपारी वाटून रात्री वाढू नये. बायका येण्याच्या तासभर आधी वाटावी. पन्ह्यात बाजारचा बर्फ मुळीच टाकू नये. तो कोणत्या पाण्याचा, कुठल्या पोत्यात गुंडाळलेला, काही सांगता येत नाही. उन्हाळ्यातले जुलाब, टायफॉइड आणि कावीळ यांच्या बऱ्याच कहाण्या अशा बर्फापाशी सुरू होतात. पन्हे माठात किंवा फ्रीजमध्ये गार करावे. मधुमेह असणाऱ्यांसाठी गूळ न घातलेला तांब्या वेगळा ठेवावा. आणि आरास वेगळी, खाणे वेगळे, हा नियम करावा. दुपारपासून गौरीपुढे उघडी असलेली कलिंगडाची कमळे रात्री प्रसाद म्हणून वाटू नयेत. कमळ सालीचे करावे, गर आधीच खाऊन टाकावा.

आता शेवटचे, आणि घरातल्या पुरुषांसाठी. पायऱ्या मांडणे, कैऱ्या किसणे, पन्हे गाळणे, पेले विसळणे, या कामांना कोणतीही पदवी लागत नाही. मुलांना मोबाइल खाली ठेवायला लावून तोरण करायला बसवा. कार्डबोर्ड, जुन्या लग्नपत्रिका, दोरा आणि खळ एवढे पुरते. घरात आजी असेल तर मणी ओवायचे काम तिचे. सुईत दोरा ओवताना तिची नजर आणि बोटे दोन्ही कामाला लागतात, आणि चार माणसांत बसल्याने तिच्या गुडघ्यांची तक्रारही थोडी कमी होते. आजी विधवा आहे म्हणून तिला आतल्या खोलीत बसवणार असाल, तर त्या हळदीकुंकवाला मी तरी आरोग्यदायी म्हणणार नाही.

माझ्या त्या पेशंटबाईंनी गोळ्या चार महिने नियमित घेतल्या. पाळीच्या त्रासावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून उपचार करून घेतले. पावसाळा संपता संपता हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेले. यंदा चैत्रात त्या नुसत्याच तपासणीला आल्या होत्या. म्हणाल्या, "या वर्षी पंधराचजणी बोलावल्यात डॉक्टर. आमच्या ह्यांनी कैऱ्या किसल्या. जाड किसल्या, पण किसल्या."

"आणि तुम्ही डाळ खाल्लीत का?"

त्या हसल्या. "आधी खाल्ली. पण खरं सांगू, चोरून खाल्ल्यासारखं वाटलं."

तेवढे एक अजून जायला हवे आहे. बायकांनी, आधी स्वतः जेवण्यात चोरी नाही. औषधाच्या चिठ्ठीवर लिहावे तसे लिहून देतो: हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी वेळेवर जेवा, संध्याकाळी पहिली वाटी डाळ आणि पहिला पेला पन्हे स्वतः घ्या, मगच दार उघडा. आणि वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. एवढे केलेत तर त्या संध्याकाळी रिक्षा करून माझ्याकडे यावे लागणार नाही.