आरवतो कोंबडा, शिक्षा तलंगांना का?

शहरातल्या कोंबड्यांवर बंदी मागणारे पत्र वाचले. पहाटेच्या आरवण्याचा त्रास खरा. पण अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो नसला तरी तलंगा अंडी घालतात, फक्त त्यातून पिल्ले निघत नाहीत. नर वेळीच ओळखताही येतो: गावरान पिल्ले दीड-दोन महिन्यांची झाली की नराचा तुरा ठळक, लालसर होतो. पुढे मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी टोकदार, चकचकीत पिसे येतात. मादीची गोलसरच राहतात. नर ओळखला की खेड्यातल्या पाहुण्यांकडे द्यावा.

जानेवारी २०२५ मध्ये उदगिरात बर्ड फ्लूने कावळे मेले, ती भीती मात्र रास्त आहे. म्हणून कावळे आत येऊ नयेत यासाठी खुराड्याला वरूनही बारीक जाळी हवी. दाणा-पाणी उघड्यावर नकोच. पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच गावात आहे, कोंबड्या पाळण्याआधी तिथे विचारावे.

— एक वाचक, उदगीर