कालव्याची जागा पाण्याचीच

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा खणायचा, मुठा उजव्या कालव्याचे पाणी त्यातून न्यायचे आणि पुणे शहरात मोकळ्या होणाऱ्या जागेवर रस्ता करायचा, हा विचार अनेकांना पटू लागला आहे. त्याचे समर्थक तीन कारणे देतात. उघड्या कालव्यातले पाणी गळते, आटते, चोरीला जाते. भर वस्तीतला कालवा धोकादायक आहे. शिवाय कोंडलेल्या शहराला एवढी सलग सरकारी जागा पुन्हा मिळणार नाही. तिन्ही कारणे गंभीर आहेत, म्हणूनच ती नीट तपासायला हवीत.

गळती खरी आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. त्यावर पुणे शहर जगते आणि दौंड-इंदापूरची शेतीही. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला आवर्तनाचे पाणी पुरेसे मिळावे म्हणून बोगदा होणार असेल, तर त्याला माझा विरोध नाही. पण हे कारण बोगद्यापाशीच संपते. पाणी जमिनीखालून गेले म्हणून वरची जागा डांबराखाली घाला, असे त्यातून कुठेही सिद्ध होत नाही.

दुसरे कारण धोक्याचे. 27 सप्टेंबर 2018 रोजी दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला आणि गरिबांचे संसार पाण्यात गेले. तेव्हा दोष उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर टाकण्यात आला. भराव पोखरला जातो हे मान्य. पण तो वेळेवर तपासणे आणि बुजवणे हे माणसांचे काम होते. उलट, पाण्याच्या वाटेवर अतिक्रमण केले की काय होते, हे पुढच्याच वर्षी 25 सप्टेंबरला आंबिल ओढ्याने दाखवले. त्या रात्री पुण्यात माणसे वाहून गेली. सिंचनाचे मोठे पाणी बोगद्यात गेल्यावर कालव्यात थोडेच पाणी ठेवता येईल. मग फुटण्याची भीतीही त्या प्रमाणात उतरेल.

रस्त्याच्या आशेचे उत्तर पुण्यातच आहे. मुठेचा डावा कालवा एके काळी खडकीकडे जात असे. आज एरंडवणे-कर्वेनगर भागात त्याची आठवण ‘कॅनॉल रस्ता’ या नावापुरती उरली आहे. कालवा गेला, म्हणून कर्वे रस्त्याची कोंडी सुटली का? नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहराने 1970च्या दशकात आपल्या जुन्या कालव्याच्या काही भागाचा मोटाररस्ता केला. पुढे तो उखडून 2020 मध्ये तिथे पुन्हा पाणी खेळवले. त्यांनी खर्च करून शिकलेला धडा आपण फुकट घ्यावा.

‘इंग्रजांची जुनाट वस्तू’ ही हेटाळणीही सोडून द्यायला हवी. 1860च्या दशकातल्या दुष्काळांनंतर फाइफ या अभियंत्याने योजना आखली आणि 1879 मध्ये खडकवासल्याचे दगडी धरण उभे राहिले. पूर्वेकडचा कोरडा मुलूख त्या पाण्याने भिजला. जोतीराव फुल्यांनी मांजरीला कालव्याच्या पाण्यावर बागायत केली आणि ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्यावर कोरडेही ओढले. त्यांचा रोष पाणी देणाऱ्या खात्याच्या कारभारावर होता. कालवा नको, असे त्यांनी म्हटले नाही. आपणही कारभार सुधारावा, कालवा मोडू नये.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, बोगद्याचे काम पुरे होण्याआधीच कालव्याची सगळी जागा पाण्यासाठी राखीव ठेवावी. तिचा एक गुंठाही विकू नये वा भाड्याने देऊ नये. दुसरी गोष्ट, पावसाळ्यात खडकवासला भरून सांडतो तेव्हा मुठेत सोडल्या जाणाऱ्या पाण्यातला थोडा वाटा कालव्यात सोडावा. ते उताराने आपोआप वाहील आणि शहरातल्या विहिरी-बोअरना पाझर देईल. तिसरी गोष्ट, उरलेले महिने शुद्ध केलेले सांडपाणी खेळवावे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून असे पाणी उचलून जुन्या ‘बेबी कालव्या’त सोडण्याची सोय आजही आहे. वरच्या भागात पाणी चढवायला वीज लागेल, हे खरे. पण त्याहून कडक अट आहे ती शुद्धीकरणाची. शहराची घाण पुढे ढकलणे म्हणजे पुनर्वापर नव्हे. चौथी गोष्ट, काठांवर झाडे, पायवाट आणि सायकलमार्ग करावा. आणि ज्यांची घरे हलवावी लागतील त्यांना जवळच पक्के घर द्यावे.

या सगळ्याचा खर्च बोगद्याच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे, नाहीतर तो कधीच होणार नाही. पुणेकरांनी आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला आजच विचारावे: कालव्याची जागा पाण्यासाठी राखण्याचा लेखी निर्णय कुठे आहे? तो हाती येईपर्यंत कालव्यात मातीची एक पाटीही पडू देऊ नये.