सुईचा शोक

मे २०२४ मध्ये पोर्श कंपनीने आपल्या ९११ या मोटारीची सुधारित आवृत्ती जाहीर केली. मोटारींच्या व्यवहारात याला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात. सांगाडा तोच, पिढी तीच, पण अधल्यामधल्या टप्प्यावर तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा, काही काढायचे, काही घालायचे. आपल्या ग्रंथव्यवहारात ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ असते, तसाच हा प्रकार. या आवृत्तीत पुढच्या बंपरमधले वेगळे दिवे गेले आणि सगळा प्रकाश हेडलाइटमध्येच सामावला. चालकाच्या समोर, मधोमध असणाऱ्या टॅकोमीटरची खरीखुरी सुई गेली आणि तिच्या जागी १२.६ इंचांचा वळणदार पडदा आला. इंजिन सुरू करण्यासाठी पिळायची कळ गेली, बटण आले. जीटीएस या प्रकारात तर पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड मिळाली.

यावर ९११च्या चाहत्यांनी जो आकांत केला, तो आम्ही कुतूहलाने वाचला. ‘आत्मा गेला’, ‘परंपरेशी द्रोह झाला’, ‘ही आता ९११ उरली नाही’ असे त्याचे सूर होते. आमच्यापैकी कोणाकडेही ९११ नाही आणि ती येण्याचा संभवही नाही. मग साहित्य आणि समीक्षा यांसाठी राखलेल्या या जागेत मोटारीचे काय काम, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आत्मा, परंपरा, शुद्धता, द्रोह हे सगळे शब्द आमच्या धंद्यातले आहेत. ते किती आळसाने वापरता येतात आणि आळसाने वापरले की काय होते, याचा अनुभव आम्हांला मोटारवाल्यांपेक्षा अधिक आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. ‘श्रीमंतांचे खेळणे, त्यासाठी कसले अश्रू?’ असे म्हणून या चाहत्यांची टर उडवणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही. एखाद्या मानवनिर्मित वस्तूकडे इतक्या बारकाईने, इतकी वर्षे, दिव्याच्या गोलाईपासून दाराच्या आवाजापर्यंत लक्ष देणारे लोक समाजात फार नसतात. त्यांतल्या पुष्कळांनी ती मोटार कधी चालवलेलीही नसते. वस्तू मालकीची नसताना तिच्या रूपावर जीव लावणे ही रसिकतेचीच खूण आहे. आमची तक्रार त्यांच्या प्रेमाविषयी नाही, त्यांच्या टीकेविषयी आहे. ते पाहतात पुष्कळ, वाचत मात्र नाहीत.

९११चा इतिहास म्हणजे तिच्या मृत्यूच्या घोषणांचा इतिहास आहे. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा तिचे नाव ९०१ होते. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितला आणि ९०१ची ९११ झाली. म्हणजे ज्या आकड्याला आज मंत्राचे पावित्र्य आहे, तोच मुळात एक तडजोड आहे. पुढे १९६८ मध्ये चाकांमधले अंतर ५७ मिलिमीटरने वाढले. सत्तरीच्या दशकात अमेरिकेच्या सुरक्षानियमांपायी जाडजूड बंपर आले. १९८९च्या सुमारास पॉवर स्टिअरिंग आले. १९९७ मध्ये हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची जागा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाने घेतली. २०११ मध्ये स्टिअरिंगला विजेचे साहाय्य मिळाले आणि २०१५च्या फेसलिफ्टमध्ये साध्या कॅरेरालाही टर्बो बसला. बंपरांना शिव्या पडल्या, पाण्याला पडल्या, स्टिअरिंगला पडल्या, टर्बोला पडल्या. आज ते जाड बंपर असलेली ९११ ‘अस्सल’ म्हणून जपली जाते. आणि २०२४ साली जिच्या सुईसाठी शोक झाला ती मोटार पाण्याने थंड होणारी, टर्बो असलेली, विजेच्या स्टिअरिंगची होती. म्हणजे आधीच्या तीन ‘मृत्यूंनंतर’ उरलेली.

यावर शुद्धतावादी म्हणतील की बदलाला आमचा विरोध नाही, वाईट बदलाला आहे. ठीक. मग वाईट बदल ओळखण्याची त्यांची कसोटी काय आहे, ते एका जुन्या प्रकरणात तपासून पाहू.

१९९७ साली आलेली पिढी, जिला कंपनीच्या भाषेत ९९६ म्हणतात, तिचे हेडलाइट गोल नव्हते. मुख्य दिवा आणि नारिंगी इंडिकेटर एकाच काचेत बसवल्यामुळे तो दिवा पसरलेल्या अंड्यासारखा दिसे. जर्मनांनी त्याला ‘श्पीगलआय’, म्हणजे तव्यावरचे अंडे, असे नाव ठेवले आणि ते जगभर चिकटले. ही रचना कोणा वेड्या चित्रकाराची लहर नव्हती. नव्वदीच्या आरंभी कंपनी बुडायच्या बेतात आली होती. खर्च आवरण्यासाठी ९११ आणि तिच्याहून स्वस्त अशी बॉक्स्टर या दोन मोटारी पुष्कळसे सुटे भाग वाटून घेतील अशा बेताने आखल्या गेल्या, आणि दोघींचा पुढचा चेहरा जवळजवळ एक झाला. चाहत्यांच्या संतापाचे खरे मूळ इथे होते, असा आमचा संशय आहे. आपल्या पैठणीचा काठ शेजारणीच्या सुती लुगड्यावर दिसला तर जे वाटते, तेच त्यांना वाटले. पण मत्सराला मत्सर म्हणणे जिवावर येते, म्हणून त्याला सौंदर्यदृष्टी म्हटले गेले.

कंपनीने ऐकले. २००१च्या फेसलिफ्टमध्ये ९११ला टर्बो प्रकारासारखे वेगळे दिवे मिळाले आणि इंजिन ३.४ लिटरचे ३.६ लिटर झाले. २००४च्या पुढच्या पिढीत दिवे पुन्हा गोल झाले. भक्तांनी विजयोत्सव केला. आता याच काळातली दुसरी गोष्ट पाहा. या मोटारींच्या इंजिनात ‘इंटरमीजिएट शाफ्ट’ नावाचा एक दांडा असे. त्याच्या एका टोकाच्या बेअरिंगने दगा दिला तर सगळे इंजिनच निकामी होण्याचा धोका असे. २०००च्या सुमारास तिथल्या दुहेरी बेअरिंगच्या जागी एकेरी बेअरिंग आले, आणि नाजूक म्हणून कुप्रसिद्ध झाले ते हेच. अमेरिकेत त्यावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये २००१ ते २००५च्या मोटारींबाबत तडजोड करण्यात आली. म्हणजे ज्या वर्षांत डोळे सुधारल्याबद्दल पाठ थोपटली जात होती, त्याच वर्षांत आतले हाड कमकुवत होते. हाड बाहेरून दिसत नाही, हे आम्हांला मान्य आहे. पण मोटारीचा ‘आत्मा’ ओळखण्याचा दावा करणाऱ्यांनी निदान तिच्या चेहऱ्याला तिचा आत्मा म्हणू नये.

याचा अर्थ चेहऱ्याला मोल नाही, असा मुळीच नाही. रूपाची टीका ही टीकाच असते. पण रूपाच्या टीकेला दोन प्रश्न चुकत नाहीत. हा बदल का झाला? आणि त्यामुळे ही वस्तू आधी जे म्हणत होती, त्यातले काय म्हणायची थांबली? ‘मी तारुण्यात पाहिली तीच खरी’ हे या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही. ते टीकाकाराचे जन्मवर्ष आहे.

हेच दोन प्रश्न २०२४च्या सुईला विचारून पाहू. ‘यंत्राशी असलेले थेट नाते तुटले’ असे या शोकाचे मुख्य वाक्य होते. हे वाक्य तथ्याच्या कसोटीला उतरत नाही. त्या सुईचे इंजिनाशी थेट नाते केव्हाच संपले होते. संगणक इंजिनाच्या फेऱ्या मोजी, आकडा तारेतून पाठवी आणि तबकडीमागची एक चिमुकली मोटर सुईला तेवढी फिरवी. पडदाही त्याच संगणकाचे ऐकतो. सुई गेल्याने सत्य गेले नाही.

मग काहीच गेले नाही काय? गेले, आणि ते नेमके सांगता येते. ९११च्या चालकासमोर दशकानुदशके पाच गोल तबकड्या असत आणि त्यांतली सर्वांत मोठी, बरोबर मधली तबकडी वेगाची नसून इंजिनाच्या फेऱ्यांची असे. ही सजावट नव्हती, ते एक विधान होते. तू किती वेगात जातो आहेस यापेक्षा इंजिन कसे श्वास घेते आहे ते आधी पाहा, असे ती मोटार प्रत्येक चालकाला सांगे. त्याला ते आवडो न आवडो. नव्या पडद्यावर सात प्रकारची दृश्ये दिसू शकतात. त्यांत जुन्या पाच तबकड्यांची नक्कलही आहे, टॅकोमीटरसकट. म्हणजे जुने वाक्य पुसलेले नाही, ते सात पर्यायांपैकी एक झाले आहे. पूर्वी मोटार स्वतःचे मत सांगे, आता ती चालकाला त्याचे मत विचारते. आमच्या मते या फेसलिफ्टमधली खरी हानी ही आहे. ज्या कृतीला स्वतःचा आग्रह उरत नाही, ती वाचकाची मर्जी सांभाळू लागते. हे साहित्यात पाहून आमचे डोळे शिणले आहेत. पण ‘पडदा नको’ या आरोळ्यांत हे साधे वाक्य आम्हांला क्वचितच भेटले.

दुसऱ्या बाजूला प्रगतिवाद्यांचा गट आहे, आणि त्याचीही गय करण्याचे कारण नाही. त्यांच्या हातात घड्याळ असते. नवी जीटीएस न्युर्बुर्गरिंगच्या वळणावळणांच्या धावमार्गावर आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद लवकर पोचते, तेव्हा वाद संपला, असे त्यांचे म्हणणे. सुईविषयीच्या तक्रारीला सेकंदांनी उत्तर देणे म्हणजे कवितेच्या तक्रारीला खपाच्या आकड्यांनी उत्तर देणे होय. गंमत अशी की त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे यापेक्षा चांगले पुष्कळ आहे. या संकरित रचनेची बॅटरी जेमतेम १.९ किलोवॅट-तासांची आहे आणि आधीच्या जीटीएसच्या मानाने वजन अवघे ५० किलो वाढले आहे. इंजिन ३.० लिटरवरून ३.६ लिटर केले ते केवळ हौसेने नव्हे. हवा आणि इंधन यांचे प्रमाण सर्व फेऱ्यांत आदर्श राखता यावे आणि धूर स्वच्छ राहावा, हा त्यामागचा हेतू. कडक होत जाणाऱ्या नियमांत जुन्या पद्धतीचे इंजिन जगवण्याची ही धडपड आहे. तिच्यात संयम आहे, आणि तो वाखाणायला घड्याळ लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या शोकाचे पुढे काय होते? तो विकला जातो. हाताने बदलायचा गिअर या आवृत्तीच्या साध्या कॅरेरात मिळत नाही. तो हवा असेल तर कॅरेरा टी किंवा जीटी३ अशा निवडक प्रकारांकडे वळावे लागते. त्याआधी २०२२ मध्ये ‘स्पोर्ट क्लासिक’ आली, हाताच्या गिअरची, जुन्या वळणाची, १,२५० नग. २०२३ मध्ये साठीनिमित्त ‘एस/टी’ आली, तीही हाताच्या गिअरची, जन्मवर्षाची आठवण म्हणून १,९६३ नग. कालपर्यंत जे त्या मोटारीचे सर्वसाधारण व्याकरण होते, ते आता मोजक्या प्रतींची, चढ्या किमतीची विशेष आवृत्ती होऊन परत येते. आणि ‘आत्मा गेला’ म्हणून रडणारे तेच लोक या विशेष आवृत्तीपुढे आनंदाश्रू ढाळतात! शुद्धतेची मागणी जितकी मोठ्याने करावी तितका शुद्धतेचा भाव चढतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आपण बंड करतो आहोत असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ते पुढच्या विशेष आवृत्तीची जाहिरात फुकट करीत असतात. संतापच करायचा तर तो इथे करावा.

चाहत्यांचे मत निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही, कारण इतिहास तसे सांगत नाही. १९७७ साली पोर्शने ९२८ ही मोटार आणली ती पुढे ९११ची जागा घेईल या हिशेबाने. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यात ९११ची रेघ लवकरच संपत होती. त्यांनी पेन उचलला आणि ती रेघ तक्त्याबाहेर, भिंतीवरून पुढे ओढत नेली, हा किस्सा त्यांनीच सांगितलेला आहे. ९११ थांबणार या कल्पनेने कंपनीतली माणसे खचली होती, हे त्यांनी ओळखले होते. ९२८ १९९५ मध्ये बंद झाली आणि ९११ आजही आहे. निष्ठेत एवढे बळ असते. म्हणूनच ती निष्ठा दिव्यांच्या आकारावर आणि कळ पिळण्यावर उधळली जाताना पाहवत नाही.

पुढची सुधारित आवृत्ती येईलच. तेव्हा या पडद्यातले काहीतरी काढले जाईल, आणि आज त्या पडद्याला शिव्या देणाऱ्यांतलेच कोणी त्याच्यासाठी गहिवरतील. त्यांनी खुशाल गहिवरावे. फक्त ‘आत्मा’ हा शब्द तेवढा बाजूला ठेवावा आणि नेमके काय गेले, ते एका सरळ वाक्यात सांगावे. ते वाक्य सापडले नाही, तर गेले ते मोटारीचे नव्हे, आपलेच काही, असे समजून गप्प बसावे.